तिसरं रीळ

कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, एक लांबट खोली होती. दारावर ‘दृकश्राव्य विभाग’ अशी पाटी होती, पण तो शब्द उच्चारायचे कष्ट कुणी घेत नसे. सगळ्यांच्या तोंडी ती मशीनची खोली. तिच्यात जे गृहस्थ छत्तीस वर्षं बसले, त्यांनाही कुणी नावाने हाक मारली नाही. मुलं त्यांना मामा म्हणायची, प्राध्यापक मामा म्हणायचे, हजेरीपुस्तकावर सही घेणारा कारकूनही मामाच म्हणायचा. नोकरीला लागले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. सख्ख्या बहिणीला मूल व्हायच्या आत ते चारशे पोरांचे मामा होऊन बसले.

शिक्षण आठवीपर्यंत. शाळा सुटल्यावर काही वर्षं त्यांनी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काढली होती, त्यामुळे हात तारांना सरावलेले. खोलीत दोन मोठे रिळांचे टेपरेकॉर्डर होते, तबकड्या वाजवायचं एक यंत्र होतं, फिल्म दाखवायचा प्रोजेक्टर होता, आणि पडदा गुंडाळून ठेवायची एक लांब पत्र्याची नळी. हे सामान चालू ठेवायचं आणि ज्या वर्गाला हवं तिथे ढकलत न्यायचं, एवढंच काम. खरं सांगायचं तर त्या सगळ्या सामानाला गिऱ्हाईक एकच होतं. साहित्य शिकवणाऱ्या बाई.

बाई तेव्हा बेचाळीस वर्षांच्या. अंगाने काटकुळ्या, चालणं भरभर, आणि आवाज असा, की शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाराही दचकून पुस्तक सरळ धरायचा. जुनं साहित्य शिकवायचं म्हणजे आधी ऐकवायचं, हा त्यांचा हट्ट. त्या वर्गाला सांगायच्या, “ज्यांनी हे लिहिलं, त्यांनी कुणीतरी मोठ्याने म्हणावं म्हणून लिहिलं. आपण ते मुकाट्याने वाचतो आणि वर म्हणतो, कंटाळवाणं आहे.” मग एखादी कविता शिकवण्याआधी पाच मिनिटं नुसतं तंतुवाद्य लावायच्या. नदीवरच्या एका खेड्याची जुनी फिल्म होती, तिचा आवाज बंद करायला लावायच्या आणि एका मुलीला उभं करून कादंबरीतलं नदीचं वर्णन वाचायला सांगायच्या. पडद्यावर होडी सरकतेय, आणि अंधारात एक कोवळा आवाज दीडशे वर्षांपूर्वीची वाक्यं वाचतोय. प्रोजेक्टरपाशी उभ्या असलेल्या मामांच्या अंगावर काटा यायचा. स्टाफरूममध्ये काही जण ‘बाईंचा सिनेमा’ म्हणून हसायचे. बाई ते कानाआड करायच्या.

त्यांच्या खजिन्यातला सगळ्यात मोलाचा ऐवज म्हणजे चार रिळं. तीनशे वर्षांपूर्वीचं एक काव्यनाटक अभ्यासाला होतं, दोन बहिणींचं. थोरली एके दिवशी कुणाला न सांगता घर सोडून जाते. धाकटी मागे राहते, आईवडिलांचं दुखणंखुपणं काढते, त्यांना पोचवते, एकटीच म्हातारपणाकडे सरकू लागते. बारा वर्षांनी थोरली परत येते आणि दारावर थाप मारते. धाकटी दार उघडत नाही. बंद दाराच्या दोन बाजूंनी दोघी बोलतात, तो तिसरा अंक. चौथ्यात दोघी घरात बसलेल्या असतात. रेडिओवर पूर्वी कधीतरी हे नाटक झालं होतं, आणि बाईंनी पत्रांमागून पत्रं पाठवून त्याची नक्कल मिळवली होती. एका रिळावर एक अंक.

मामा नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या महिन्यात कॉलेजचा वार्षिक समारंभ होता. आदल्या दिवशी मामांनी सगळी रिळं काढून पुसली, डब्या पुसल्या, पुन्हा भरून ठेवली. नवा माणूस, नवा उत्साह. समारंभाला अर्धा तास उरला असताना प्राचार्यांचा निरोप आला, की त्यांचं भाषण रेकॉर्ड झालं पाहिजे. मामांनी ‘कोरी’ असं लिहिलेली डबी उचलली, रीळ चढवलं आणि बटण दाबलं. प्राचार्य पाऊण तास शिस्तीवर बोलले.

संध्याकाळी रीळ उलटं गुंडाळून काढताना मामांना त्याच्या खालच्या बाजूला पांढऱ्या पेन्सिलीने लिहिलेला आकडा दिसला. तीन. आदल्या दिवशी पुसापुशीत रीळ एका डबीतून दुसरीत गेलं होतं, आणि ते त्यांच्याच हातून गेलं होतं. त्यांनी रीळ पहिल्यापासून लावून पाहिलं. सुरुवातीला खाकरणं, मग प्राचार्य. मधूनच कुठेतरी नाटकातल्या एखाद्या बहिणीचा आवाज उरला असेल म्हणून ते कान देऊन शेवटपर्यंत बसले. शेवटी टाळ्या होत्या.

नोकरी कच्ची होती, सहा महिन्यांनी पक्की व्हायची. लग्न ठरलं होतं. मुलीकडच्यांना ‘कॉलेजात आहे’ एवढं एकच कौतुक सांगितलं होतं. मामांनी त्या रिळावरचा आकडा ओल्या फडक्याने पुसला, डबीवर ‘प्राचार्य, भाषण’ असं लिहिलं आणि ती वरच्या फळीवर ठेवली. पंधरा दिवसांनी बाई नाटकाची रिळं मागायला आल्या, तेव्हा ते म्हणाले, “बाई, तिसरं सापडत नाही.”

खोली उलटीपालटी झाली. मामाही शोधत होते, अगदी कपाटाखाली आडवे होऊन. बाई दारात उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, हेच वाईट झालं. “कुणीतरी नेलं असेल,” एवढंच म्हणाल्या. “माणसं पुस्तकं परत करत नाहीत, रीळ काय करणार.”

त्या वर्षी वर्गात पहिलं रीळ वाजलं, दुसरं वाजलं. दुसऱ्याच्या शेवटी दारावर तीन थापा पडतात आणि अंक संपतो. मामांनी मशीन थांबवलं. काळे पडदे ओढलेले, वर्ग अंधारात. मुलांची चुळबूळ सुरू व्हायच्या आत बाई टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. “पुढचं रीळ हरवलंय. मी सांगते,” म्हणाल्या.

आणि त्यांनी सांगितलं. हातात पुस्तक नव्हतं. थोरली दाराबाहेरून बोलली की बाई जराशा डावीकडे वळायच्या, धाकटी बोलली की उजवीकडे. नाटकीपणा काही नाही, रडणं-ओरडणं नाही. थोरली पाणी मागते. धाकटी म्हणते, विहीर अंगणातच आहे, तुला ठाऊक आहे. थोरली विचारते, आई कशाने गेली. धाकटी म्हणते, वाट पाहून. मधेच बाई नाटकातल्या ओळी सोडून साध्या बोलीत यायच्या आणि पुन्हा ओळींत शिरायच्या, आणि सांधा कुठे आहे ते कळायचं नाही. शेवटी थोरली म्हणते, मी जाते. इथे बाई थांबल्या. वर्गाकडे पाहत राहिल्या, किती वेळ कोण जाणे. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “उघडलं.”

मामांनी चौथं रीळ चढवलं. पाठीमागच्या बाकावरची एक मुलगी नाक ओढत होती. आणि मामांच्या मनात आलं, बाईंच्या तोंडून हे असं असेल, तर खरं कसं असेल! त्या नटीच्या आवाजात! ते आपण पुसून टाकलं.

तिथून पुढे अठरा वर्षं हे चाललं. वर्षातून दोन तुकड्या, म्हणजे दोन वेळा. पहिलं, दुसरं, बाई, चौथं. मामांचं लग्न झालं, नोकरी पक्की झाली, दोन मुली झाल्या. धाकटीचं काम करणाऱ्या त्या नटीचा आवाज त्यांच्या कानात घर करून बसला. किंचित बसका, सकाळी उठल्याउठल्या माणूस बोलतं तसा. पहिल्या अंकातली तिची वाक्यं त्यांना पाठ झाली, दुसऱ्यातली झाली, चौथ्यातली झाली. तिसऱ्यातली तिच्या आवाजात कशी असतील, याचा ते सायकलवरून घरी जाताना विचार करायचे. त्यांनी ग्रंथालयातून पुस्तक आणून तो अंक वाचला. अक्षरं ओळखीची होती, पण बोलत नव्हती. दोनदा वाचून परत केलं.

एकदा धीर करून त्यांनी रेडिओ केंद्राला पत्र टाकलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, जुन्या टेप पुसून पुन्हा वापरल्या गेल्या आहेत, दिलगीर आहोत. तिथेही कुणीतरी बटण दाबलं असणार. मामांना त्या अनोळखी माणसाबद्दल राग यायला हवा होता, पण उलट जवळीकच वाटली.

घरी बायकोला एवढंच ठाऊक, की नवरा एका नाटकावर जीव टाकून आहे. तो घरी गप्प बसला की ती भाजी निवडता निवडता विचारायची, “आज काय म्हणाली तुमची ती?”

“कोण?”

“तीच. बसक्या आवाजाची.”

“काही नाही. रोजचंच.”

“मग माझ्याशी बोला. माझा आवाज काय वाईट आहे?”

रिळं जाऊन कॅसेटी आल्या. मामांनी पहिला, दुसरा आणि चौथा अंक कॅसेटीवर उतरवून घेतला. नवीन रेकॉर्डर आला, त्याला चांगला माइक होता. तो तपासायचा म्हणून एका वर्षी मामांनी वर्गात रेकॉर्डिंग लावलं. मुलांची बडबड आली, बाकांचे आवाज आले. बाई बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा मामांनी लाल बटण बंद केलं. कॅसेट उगीच वाया नको.

बाई साठीला निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी मामांना एक फाउंटन पेन दिलं आणि म्हणाल्या, “मामा, माझी रिळं सांभाळा. तीनच उरलीत.” आज सांगून टाकू, असं ठरवून मामा सकाळपासून शब्द जुळवत होते. पेन खिशाला लावून ते खोलीत परतले.

बाईंच्या जागी आलेल्या सरांना अभ्यासक्रम संपवायची घाई होती. ते वर्गात टिपणं सांगायचे. मशीनची खोली गोदाम झाली. तुटकी बाकं, जुन्या उत्तरपत्रिका, प्रयोगशाळेतून बाद झालेल्या बरण्या. त्यांच्यामधे मामा एका खुर्चीपुरती जागा करून बसायचे. कॉलेजात माइक लावायचा, संगणकाच्या वायरी ओढायच्या, अशी कामं पडत. महिन्यातून एकदा ते रिळांवरची धूळ पुसायचे.

मामांच्या नोकरीचं एक वर्ष उरलं असताना नव्या मॅडम आल्या. तिशीच्या आतल्या. पहिल्याच आठवड्यात खोलीत डोकावल्या आणि म्हणाल्या, “मामा, इथे खरंच रिळं आहेत? माझी आई या कॉलेजची. ती अजून सांगते, एक बाई अंधारात नाटक सांगायच्या.”

मामांनी खुर्ची पुसून दिली. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी विचारत होतं, त्यामुळे ते बोलत सुटले. चार अंक, तीन रिळं, रेडिओचं पत्र. तिसरं कुणी पुसलं, एवढं सोडून सगळं.

मॅडमनी ऐकता ऐकता मोबाइल काढला होता. “हेच का, बघा,” म्हणाल्या. “कुणीतरी घरच्या रेडिओवरून टेप करून ठेवलं होतं. त्यांच्या नातवाने टाकलंय. चारही अंक आहेत.”

पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

मॅडमचा तास होता. त्या फोन मामांच्या हातात देऊन गेल्या. मामांनी दार लावून घेतलं. रेडिओची खरखर होती, मधेच शेजारच्या केंद्राची कुठलीतरी धून शिरत होती, पण आवाज तोच. बसका. पस्तीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते सुरू झालं. थोरलीने पाणी मागितलं. विहीर अंगणातच आहे, तुला ठाऊक आहे. सुरेख म्हणत होती ती. काही खोट काढायला जागा नव्हती. पाठीमागे हलकं वाद्य होतं, वारा होता. मामा ऐकत होते, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण ऐकत नाही आहोत. प्रत्येक वाक्याच्या आधी त्यांच्या कानात दुसरंच कुणीतरी ते वाक्य म्हणून मोकळं होत होतं, आणि नटीचं वाक्य मागाहून येत होतं. थोरली म्हणाली, मी जाते. लगेच वाद्यं चढली, दार मोठ्याने करकरलं, दोघी हुंदके देऊन रडल्या, आणि अंक संपला.

मामा फोनकडे बघत बसले. इतकी वर्षं आपल्याला काय ऐकायचं होतं, ते त्यांना कळलं, आणि ते ऐकायची सोय कुठेही नव्हती, हेही त्याच दमात कळलं. अठरा वर्षं ते हातभर अंतरावर बोललं जात होतं. मशीन त्यांच्या ताब्यात होतं. माइक जोडलेला होता.

घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, पांढऱ्या आकड्यासकट. ती हातातलं काम टाकून ऐकत राहिली.

“पस्तीस वर्षं हे पोटात ठेवलंत?”

“तुला कशाला ताप.”

“मला वाटायचं तुमचं त्या नटीच्या आवाजावर प्रेम बसलंय. मी उगीच जळले की हो इतकी वर्षं.” ती हसली, मग गंभीर झाली. “बाई आहेत ना अजून?”

“असतील. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या.”

“मग जाऊन सांगा. फोनवर नको. समोर जा.”

बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला भाचीकडे राहत होत्या, दुसऱ्या मजल्यावर. कानात यंत्र, समोर भिंग, मांडीवर जाड पुस्तक. मामांना त्यांनी क्षणभर न्याहाळलं. “मशीनचे मामा! केस कुठे गेले तुमचे?” आवाजात पूर्वीची उसळी नव्हती. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा येत होता.

मामांनी चहा येण्याआधीच सांगून टाकलं. चहा पिऊन सांगणं त्यांना बरं वाटेना. बाईंनी सगळं ऐकलं. मग विचारलं, “म्हणजे हरवलं नव्हतं?”

“नाही.”

“कुणी नेलं नव्हतं.”

“नाही बाई. मीच पुसलं.”

बाईंनी भिंग बाजूला ठेवलं. “गणिताच्या सरांनी त्याच महिन्यात ते माझ्याकडे मागितलं होतं. मुलीला ऐकवायचं म्हणून. मी नाही म्हटलं. मग ते हरवलं. मी त्यांच्याशी सहा वर्षं बोलले नाही, मामा. एका स्टाफरूममध्ये, एका टेबलावर. ते विचारायचे, माझं काय चुकलं. मी सांगितलं नाही.”

मामांना हे ठाऊक नव्हतं. “सर कुठे असतात आता?” त्यांनी विचारलं.

“वारले. दहा वर्षं झाली.” बाईंनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. “तुम्ही जा आता.”

मामा चपला घालून जिना उतरले. चहा तसाच राहिला.

पुढच्या बुधवारी ते पुन्हा गेले. भाचीने दार अर्धवट उघडून सांगितलं, “मावशी भेटत नाही म्हणतेय.” त्याच्या पुढच्या बुधवारी तेच. मामा म्हणाले, “बरं, मी आलो होतो एवढं सांगा,” आणि परत फिरले. तिसऱ्या बुधवारी ते भाचीशी बोलत होते, तेवढ्यात आतून हाक आली.

“काय घेतलं होतं त्याच्यावर?”

“भाषण, बाई. प्राचार्यांचं.”

“कुठलं?”

“शिस्तीवरचं.”

आतून असा आवाज आला, की भाची घाबरून आत धावली. बाई हसत होत्या. डोळ्यांतून पाणी काढून, खोकत, हसत होत्या. “पाऊण तास!” त्या म्हणत होत्या. “तीनशे वर्षांची कविता घालवली आणि तो बाबा ठेवला! या, आत या. तुम्हाला माफ केलेलं नाही, पण आत या.”

मामांनी मॅडमकडून तो अंक स्वतःच्या फोनवर घेतला होता. बाईंनी यंत्र कानात नीट बसवलं आणि फोन कानाशी धरून सगळा अंक ऐकला. “चांगलं केलंय,” म्हणाल्या. “थोरली जरा जास्त रडते. आणि दार फार करकरतं. घरात माणसं राहत होती, दाराला तेल नसेल का घातलं?”

“बाई, तुम्ही सांगा ना. तुम्ही सांगायचात तसं.”

बाईंनी सुरुवात केली. चार-पाच वाक्यं आली. थोरलीने पाणी मागितलं, आणि पुढे त्यांना आठवेना. त्यांनी हाताने हवेत काहीतरी चाचपलं. “गेलं,” म्हणाल्या. “माझं पाठ होतं हो हे.”

“मला आहे पाठ,” मामा म्हणाले.

“नाटक?”

“नाटक नाही. तुमचं.”

मॅडमनी फोनवर रेकॉर्डिंग कसं लावायचं ते शिकवलं होतं. मामांनी ते लावलं, फोन मधल्या टेबलावर ठेवला आणि सांगायला लागले. आठवी शिकलेला माणूस, जन्मात कधी वर्गासमोर उभा राहिलेला नाही. पहिल्यांदा आवाज चिरकला. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मधेच म्हणायच्या, “वर नका नेऊ आवाज. ती भांडत नाहीये, दमलीये.” पुढे एकदा, “घाई करताय. ओळ पडू द्या.” आणखी एकदा, “हे वाक्य माझं नव्हतं.”

“तुमचंच होतं बाई. दर वर्षी.”

“हो? चांगलं आहे मग.”

सांगून झालं तेव्हा बाई म्हणाल्या, “मी एवढं बरं सांगत होते, हे मला कुणी सांगितलं नाही.”

“मी सांगायला हवं होतं,” मामा म्हणाले.

मॅडमनी त्या वर्षी वर्गात दोन्ही ऐकवलं, आधी नटीचा तिसरा अंक आणि मग हे. एका मुलाने विचारलं, मधे मधे रागावणाऱ्या आजी कोण? मॅडमनी सांगितलं. मामा मागे भिंतीला टेकून उभे होते. स्वतःचा आवाज ऐकून त्यांना कानकोंड्यासारखं झालं, आणि बाईंचा ऐकून फार बरं वाटलं नाही. तो म्हाताऱ्या बाईंचा आवाज होता. त्यांच्यावर मामांचा जीव होता, प्रश्न तो नव्हता. पण काळे पडदे ओढलेल्या वर्गात टेबलाला टेकून उभ्या राहणाऱ्या बाई त्यात नव्हत्या.

मामा बुधवारी जात राहिले. हिवाळ्यात बाई गेल्या. झोपेतच गेल्या, असं भाची म्हणाली.

उन्हाळ्यात मामा निवृत्त होणार होते. खोली रिकामी करायची होती, तिथे आता संगणक यायचे होते. बाद सामानाची यादी करताना मामा एकेक कॅसेट लावून पाहू लागले. बहुतेकांत काही नव्हतं, बुरशी धरली होती. एका कॅसेटीवर नुसतीच तारीख होती, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. एक वादक कॉलेजात येऊन गेले होते, बाईंनीच बोलावलं होतं त्यांना, एका जुन्या कवीच्या तासाला. मामांनी कॅसेट लावली. सुरुवातीला तारा जुळवण्याचा आवाज. खुर्च्या सरकल्या. आणि मग, माइकच्या अगदी जवळून, खणखणीत :

“मामा, तो पंखा बंद करा. आवाज येतोय त्याचा.”

मग वाद्य सुरू झालं. मामांनी कॅसेट मागे घेतली. पुन्हा लावली. पुन्हा मागे घेतली. पुढे शेवटपर्यंत पाहिलं, दुसरी बाजू पाहिली, राहिलेल्या सगळ्या कॅसेटी पाहिल्या. बाई आणखी कुठे बोलल्या नव्हत्या.

मॅडमना विचारून त्यांनी ती कॅसेट आणि एक जुना प्लेअर घरी नेला. खिडकीतून ऊन येत होतं. बायको दुपारची आडवी झाली होती, ती उठून बसली. मामांनी बटण दाबलं. तारा जुळल्या, खुर्च्या सरकल्या, बाई बोलल्या.

“ह्याच का त्या?” बायकोने विचारलं.

“ह्याच.”

“एवढंच?”

“एवढंच.”

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. “परत लावा,” म्हणाली, आणि उठून डोक्यावरचा पंखा बंद केला.